सावंतवाडीच्या राजवाड्यांतील दशावतारी गंजिफा

मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस जाणारे प्रवासी बहुधा समुद्र पाहूनच परततात. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, रेडीचा गणपति आणि घरीं नेण्यासाठीं कोकम-काजू, एवढें झालें म्हणजे प्रवास पुरा झाला अशी आपली समजूत असते. परंतु किनारा सोडून थोडें आंत, सह्याद्रीच्या अंगास वळलें, तर सावंतवाडी लागते. आणि तेथील राजवाड्यांत जें पाहावयास मिळतें, त्यासाठीं एक दिवस वेगळा काढणें कोणासही जड वाटूं नये.

रोजच्या वापरांतल्या वस्तु सोयीच्या आणि सुंदर कशा कराव्या, या विद्येचीं संग्रहालयें परदेशांत पुष्कळ आहेत. लंडनचें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय हें त्यांतलें फार नामांकित. त्याच संग्रहालयानें १९८२ मध्यें रूडॉल्फ फॉन लायडन या अभ्यासकाचा हिंदी गंजिफांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. साता समुद्रांपलीकडच्या विद्वानांनीं ज्या कलेची इतकी वास्तपुस्त केली, ती आपल्या कोकणांत अद्यापि जिवंत आहे, ही गोष्ट मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असते.

सावंतवाडीचें जुनें नांव सुंदरवाडी, आणि मोतीतलावाच्या कांठीं उभें राहिलें असतां तें नांव सार्थ वाटतें. तलावासमोरच भोसले-सावंतांचा जांभ्या दगडाचा राजवाडा आहे. १७५५ पासून १८०३ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या खेमसावंतांच्या काळची ही वास्तु. वाड्याचा कांहीं भाग आतां पाहुण्यांच्या निवासासाठीं दिलेला आहे. परंतु दरबाराचा थाट पाहावा, आणि मग जेथें कारागीर मांडी घालून, मान खालीं घालून रंगकाम करीत असतात, तेथें स्वस्थ बसावें. इतर संग्रहालयांत वस्तु कांचेआड असते आणि ती करणारा केव्हांच निघून गेलेला असतो. येथें वस्तु आणि तिचा कर्ता एकाच वेळीं दृष्टीस पडतात.

गंजिफा म्हणजे आपल्या पत्त्यांचे वडीलधारे. पानें वाटोळीं, तळहातांत सहज मावणारीं. दशावतारी जोडांत १० रंग असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे विष्णूचा एक अवतार. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० पानें, अशीं १२. सबंध जोड १२० पानांचा. राजाच्या पानावर अवताराची मूर्ति, प्रधान बहुधा घोड्यावर स्वार, आणि बाकीच्या पानांवर त्या त्या अवताराची खूण. मत्स्याच्या रंगांत मासे, कूर्माच्या रंगांत कांसवें, परशुरामाच्या रंगांत परशु, रामाच्या रंगांत बाण, कल्कीच्या रंगांत खड्ग. अंक कोठेंही लिहिलेला नाहीं. पांच मासे दिसले कीं ती मत्स्याची पंजी! शिवाय प्रत्येक रंगाची जमीन निराळी, त्यामुळें हातांत पंख्यासारखीं धरलेलीं पानें नुसत्या कडेवरूनही ओळखतां येतात. अक्षरशत्रूस आणि लहान मुलासही समजावी अशी ही योजना ज्यानें प्रथम केली, तो केवळ चितारी नव्हता. मोठा विचारवंत होता.

करण्याची रीतही चिकाटीची आहे. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून पुठ्ठा करावयाचा, तो वाटोळा कापून, लेप देऊन गुळगुळीत करावयाचा, त्यावर जमिनीचा रंग, मग बारीक कुंचल्यानें चित्र आणि शेवटीं लाखेचा हात. पाठ एकरंगी. एकाही पानाच्या पाठीवर निराळा डाग पडला तर तें पान ओळखू येईल आणि खेळ बिघडेल. म्हणून न दिसणाऱ्या बाजूचीही काळजी दिसणाऱ्या बाजूइतकीच घ्यावी लागते.

खेळ तिघांचा, प्रत्येकास ४० पानें. हुकूम नाहीं. दिवसां खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें उतारी करावयाची. सूर्यास्तानंतर तोच मान कृष्णाकडे जातो. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पांच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत हलका. परशुरामापासून पुढें हाच क्रम उलटतो, एक्का प्रधानाच्या लगेच खालीं येऊन बसतो आणि दश्शी तळाला जाते. कोणतीं पानें पडून गेलीं आणि कोणतीं राहिलीं हें सारें ध्यानांत ठेवावें लागतें. खेळतां खेळतां देवाचें नांवही मुखीं येतें, असें जुनीं माणसें म्हणत. पुण्याचा हिशेब देव जाणे. परंतु स्मरणशक्तीला याहून चांगली तालीम क्वचितच असेल.

हा खेळ मूळचा इराणाकडचा. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शहा हसनाकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली जोड ८ रंगांचा आणि ९६ पानांचा; त्यांत मुकुट, तरवार, गुलाम अशीं दरबारी चिन्हें असत. आपल्याकडील चितार्‍यांनीं खेळाचा सांगाडा घेतला आणि त्यांत आपले देव बसविले. सावंतवाडीच्या आसपास दशावतारी नाटकें रात्ररात्र रंगतात. त्याच मुलुखांत दशावतार पानांवरही उतरावे हें शोभून दिसतें. परकी वस्तु टाकून न देतां तिला आपल्या घरचें वळण लावावें, याचा याहून उत्तम दाखला मिळणें कठीण.

पुढें ५२ पानांचे छापील पत्ते स्वस्त मिळूं लागले आणि गंजिफा मागें पडल्या. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं १९७० च्या सुमारास लक्ष घातलें, तेव्हां ही विद्या पुरी जाणणारे पुंडलीक चितारी हे वयोवृद्ध गृहस्थ काय ते उरले होते. त्यांच्याकडून राजाराणी स्वतः शिकलीं, मग इतरांस शिकविलें, आणि वाड्यांतच काम सुरू झालें. शिवरामराजे १९९५ मध्यें आणि सत्वशीलादेवी २०१८ मध्यें निवर्तल्या. परंतु कुंचला थांबलेला नाहीं. संस्थानें गेलीं, अधिकार गेले. अशा वेळीं एका राजघराण्यानें चितार्‍यापुढें शिष्य म्हणून बसावें, ही गोष्ट कोणत्याही विजयस्तंभाहून मोठी मानली पाहिजे.

तरीही एक खंत मनांत राहतेच. नृसिंहाची आयाळ रंगविणाऱ्या एका मुलीस मीं विचारलें, “तुम्ही हा खेळ खेळतां का?” ती हंसून म्हणाली, “काढूंक येता, खेळूंक नाय येणा.” तिचा यांत यत्किंचित् दोष नाहीं. घेणाऱ्यांनाच खेळावयाचें नसतें. दहा राजे चौकटींत बसवून भिंतीवर टांगले कीं हौस फिटते. प्रधान, एक्के, दुऱ्या-तिऱ्या यांस विचारतो कोण? पण ज्या पानाची पाठ एवढ्या जपणुकीनें सारखी केली, ती भिंतीकडे तोंड करून कायमची बसावी, हें त्या वस्तूच्या स्वभावाविरुद्ध आहे. कला वांचली, पण जिच्यासाठीं कला जन्मली ती बैठक मोडली, तर वांचलें तें अर्धेंच.

परततांना चितारआळींत लाकडी खेळणीं आणि फळें पाहावीं. पूर्वीं तीं हलक्या पांगाऱ्याच्या लांकडाचीं असत. कुडाळाजवळ पिंगुळीस ठाकर कलावंतांचें संग्रहालयही अवश्य पाहावें. परशुराम गंगावणे यांनीं गोठ्याच्या जागेंत तें उभारलें. चित्रकथीचीं जुनीं चित्रें, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या तेथें आहेत, आणि त्या नाचवून दाखविल्या जातात. २०२१ मध्यें त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली.

हातानें रंगविलेला सबंध जोड महाग पडतो. इतक्या दिवसांची मेहनत स्वस्त असेल तरी कशी? परंतु खेळ शिकण्यास त्यावांचून अडत नाहीं. पावसाळ्याच्या सुटींत जाड पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापाव्या, मुलांकडून त्यांवर मासे, कांसवें आणि परशु काढवून घ्यावे, आणि वर सांगितलेल्या नियमांनीं तिघांनीं बसावें. मग एखाद्या हिवाळ्यांत त्याच मुलांना घेऊन सावंतवाडीस जावें. तीं त्या पानांकडे शोभेची वस्तु म्हणून पाहणार नाहींत. कृष्ण कोणाकडे आला, हें आधीं विचारतील.