लाल शाईचा शेरा

वडोदऱ्याच्या फतेगंजमधल्या एका शाळेत मी सुपरवायझर होते. गैरवर्तनाचं रजिस्टर माझ्या कपाटात असायचं आणि त्यातला प्रत्येक शेरा मी लाल शाईने लिहायचे. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याचं वागणं पुढच्या शाळेला कळलंच पाहिजे, असं मी मीटिंगमध्ये ठासून सांगायचे. आज ते मला चूक वाटतं.

माझी भीती उगाच नव्हती. जून 2018 मध्ये आमच्या वडोदऱ्यातच एका शाळेच्या स्वच्छतागृहात नववीतल्या मुलाचा खून झाला. पकडला गेला तो त्याच शाळेतला दहावीचा मुलगा. त्या आठवड्यापासून मी दप्तरं तपासू लागले.

काही महिन्यांनी आठवीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत कटर सापडला. मी लिहिलं, 'शाळेत शस्त्र आणले.' खाली तारीख आणि सही. शिक्षणहक्क कायद्याच्या 16व्या कलमामुळे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. म्हणून आम्ही त्याच्या आईकडूनच दाखल्यासाठी अर्ज लिहून घेतला. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात मी लिहिलं, 'असमाधानकारक'.

वर्षभराने त्याची आई बाजारात भेटली. हातात भाजीची पिशवी होती. आवाज न चढवता म्हणाली, "बेन, शाळा सुटल्यावर मोठी मुलं त्याला पैशासाठी अडवायची. म्हणून त्याने तो ठेवला होता. तुम्ही विचारलंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी ते पान काढलं. तीन शब्द होते. का, कशासाठी, याचं एक अक्षरही नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, ती मोठी मुलं आमच्याच शाळेत होती आणि आता दुसऱ्या एकाला अडवत होती. त्यांची नावं रजिस्टरमध्ये कुठेच नव्हती. शाळा सुरक्षित करायला निघालेल्या मी घाबरलेल्या मुलाला बाहेर घालवलं होतं आणि घाबरवणाऱ्यांना आत ठेवलं होतं.

2015 चा बाल न्याय कायदा गुन्हा केलेल्या मुलालाही नव्याने सुरुवात करू देतो. त्याची ओळख उघड करायला मनाई करतो. त्या आठवीतल्या मुलाने तर कुणाला ओरखडाही काढला नव्हता, तरी माझा शेरा त्याच्या दाखल्यावर कायमचा बसला.

नोंद नकोच, असं मी म्हणत नाही. जिवाला धोका दिसला तर पालकांना, गरज पडली तर पोलिसांनाही कळवलंच पाहिजे. पण ती नोंद कुलपात राहावी, मोजक्यांनीच वाचावी, दाखल्यावर उतरू नये आणि मुलाचं शिक्षण संपलं की नष्ट व्हावी.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला : 'मुलाचं म्हणणं'. तो भरायचा तर मुलाला समोर बसवून ऐकावं लागतं. त्या आठवीतल्या मुलासाठी मी एवढंही केलं नव्हतं.