आधी हवा मोजा

डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिली मागणी येते ती दिवा घालवून देण्याची. ‘सेन्सर गेला असेल, रीसेट मारून द्या,’ असं मालक सांगतो आणि बरेच कारागीरही तेच करतात. कारण बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं, चारही चाकं नीट तपासायला बराच वेळ जातो. माझं म्हणणं असं, की या कामात क्रम हीच खरी कारागिरी आहे. आधी थंड टायरची हवा गेजने मोजायची, मग गळती शोधायची, त्यानंतर सेन्सरवर संशय घ्यायचा आणि रीसेट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर दिवा विझतो, पण दोष टायरमध्येच राहतो आणि मग तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

असं का होतं, हे यंत्रणा समजली की पटतं. काही गाड्यांत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजणारं चाकात काहीच नसतं. हवा कमी झाली की टायरची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं; एबीएसचे सेन्सर हा फरक टिपतात आणि दिवा लागतो. अशा गाडीला दाबाचा आकडा माहीतच नसतो. रीसेट केल्यावर चाकं जशी फिरताना दिसतील, तेच ती योग्य धरते. टायरमध्ये 26 पीएसआय असताना ते बटण दाबलं, तर 26 हाच तिच्या लेखी योग्य दाब ठरतो. कमी हवा पकडणाऱ्या यंत्रणेला आपणच कमी हवेची सवय लावून देतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘सकाळी दिवा लागतो आणि थोडं अंतर गेलं की आपोआप जातो, मग सेन्सरच बिघडलाय ना?’ बहुतेक वेळा तसं नसतं. तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. नाशिकला किंवा पुण्याला डिसेंबरात दुपार आणि पहाट यांत 15 अंशांहून जास्त फरक सहज पडतो. दुपारी, गाडी पळवून आणल्यावर भरलेली हवा पहाटे कमी पडते. गाडी चालली की टायर तापतो, दाब वाढतो, दिवा जातो. सेन्सरने दोन्ही वेळा खरंच सांगितलेलं असतं. म्हणून गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर हवा मोजावी, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा पाळावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर जाण्याआधी ‘टायर फुटू नये’ म्हणून हवा कमी करणारे याच हिशेबात चुकतात. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त दुमडतात, त्यातून उष्णता तयार होते, आणि वेगात टायर फुटण्यामागे ही उष्णता मोठं कारण असते.

एकच टायर बाकीच्यांपेक्षा तीन-चार पीएसआयने खाली दिसला, तर गळती समजावी. नुसत्या नजरेवर जाऊ नये. रेडियल टायरची बाजू योग्य हवेतही थोडी फुगलेली दिसते. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग त्याच्या बुडाशी, मग टायर रिमला टेकतो त्या कडेवर आणि शेवटी नक्षीवर सोडावं. खड्ड्यात वाकलेली किंवा कडेला गंजलेली रिम हळूहळू हवा सोडत राहते आणि खिळा मात्र कुठेच सापडत नाही. सेन्सरही खरोखर बिघडतो, हे मान्यच आहे. त्याची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं टिकते. टायर उतरवताना मशीनचा दांडा व्हॉल्व्हजवळ पडला तर तो तुटतोही. पण तेव्हा बहुतेक गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. सुरुवातीपासून स्थिर असलेला दिवा हवेची तक्रार सांगतो, लुकलुकणारा यंत्रणेची.

दुसरा आक्षेप याहून धोक्याचा आहे: ‘दिवा लागला नाही, म्हणजे हवा बरोबर आहे.’ अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर फुटून माणसं दगावल्यावर 2000 साली कायदा झाला आणि त्यातून ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा 25 टक्के घसरला की इशारा मिळायला हवा. म्हणजे 33 पीएसआयच्या टायरमध्ये 27 उरले तरी दिवा गप्प राहू शकतो. आपल्याकडे ऑक्टोबर 2020 पासून ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे दिव्यावरची जबाबदारी आणखी वाढली आहे. तेव्हा एक चांगला गेज गाडीत ठेवा, दर पंधरवड्याला सकाळी, गाडी हलवण्याआधी चारही टायर मोजा, स्टेपनी असेल तर तीही. आणि कारागिराने हवा न मोजता रीसेटला हात घातला, तर त्याला थांबवा.