ट्रॉली किती मोठी घ्यायची?

रामाकोन्याला आमच्या घरी ट्रॅक्टरला नवी ट्रॉली घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. दादाला मोठी चारचाकी हवी होती, मोठेबाबांना दोनचाकी. निकाल माझ्याकडे आला, कारण "तू इंजिनेर आहेस ना!" मी सॉफ्टवेअरवाला, पण गावात हा फरक कोणी करत नाही. आपल्यापैकी अनेकांची शेती अजून गावाकडे आहे आणि अशा खरेदीचे फोन आपल्यालाही येतात. म्हणून त्या चर्चेतून काय हाती लागलं ते सांगतो.

पहिला प्रश्न, वाहायचं काय? २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख. कापूस हलका पण जागा खाणारा, त्याला उंच फाळके लागतात. संत्री क्रेटमध्ये जातात, त्यांना सपाट तळ आणि कमी हादरे हवेत. शेणखत आणि रेती मात्र थोडी भरली तरी जड, आणि ती फावड्याने उतरवण्यात माणसाचा दिवस जातो. तिथे मागे कलंडणारी हायड्रोलिक ट्रॉली सोयीची.

दुसरा प्रश्न चाकांचा. चारचाकी ट्रॉली आपलं वजन आपणच पेलते, माल जास्त घेते. पण ती दोन ठिकाणी वळते, एकदा हुकाशी आणि एकदा पुढच्या चाकांच्या वर. त्यामुळे रिव्हर्स घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. आमच्या संत्र्याच्या बागेतली वाट अरुंद, शेवटी वळायला जागा नाही. दोनचाकी एकाच ठिकाणी वळते, म्हणून मागे घेणं सोपं. शिवाय तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि चिखलात चाकांना पकड मिळते.

पण हा भार नेमका हवा. माल मागे गेला तर हुक वर उचलला जातो आणि पकड सुटते. फार पुढे आला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. मी हे कागदावर आकृती काढून समजावत होतो, तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "अरे बापू, बंडी उलाळ नाही होऊ द्याची अन् बैलाच्या मानेवर बी नाही टाकाची. यात नवं काय हाय?" खरंच नवं काही नव्हतं. अमेरिका-कॅनडात गाडीमागे उघडा ट्रेलर लावून लोक स्नोमोबाइल आणि क्वाड नेतात. तिथेही एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवा असं सांगतात. एकेक स्नोमोबाइल २००-३०० किलोची. ती जरा मागे सरकवून बांधली, की भरधाव रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. बंडीचंच शास्त्र, फक्त बैलांच्या जागी पिकअप.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. थांबणार कशी? पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. त्याच्यामागे पाच टन भरलेली ट्रॉली, आणि गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथल्या उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलायला लागते. म्हणून माझं मत असं पडलं, की ट्रॉलीत किती मावतं ते पाहू नका, ट्रॅक्टर किती थांबवू शकतो ते पाहा. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डावा-उजवा असे वेगळे ब्रेक असतात. रस्त्यावर येताना ते दोन पेडल खटका लावून जोडायलाच हवेत. मागे लाल दिवा आणि रेडियम पट्ट्या हव्यात. अंधारात उभी असलेली काळी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही.

इथवर दादाही पटला होता. अडलं ते माणसांवर. कापूस वेचायला येणाऱ्या बाया सकाळी ट्रॉलीत बसूनच शेतावर जातात. जामसांवळीच्या हनुमानाला जायचं तरी अख्खी गल्ली ट्रॉलीतच. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. त्यात २५ हून अधिक माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. उघड्या ट्रॉलीत धरायला काही नसतं, आणि ती उलटली की माणसं तिच्याखालीच येतात. शेतीच्या ट्रॉलीत माणसं बसवायला परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडकू शकते.

दादाचं म्हणणं चूक नव्हतं. "बायांसाठी ऑटो लावला तर रोजचा खर्च वाढते. तो कोन देईन?" वेचणीच्या दिवसांत मजूर मिळणं आधीच कठीण, आणि ट्रॉली पाठवणाऱ्या शेतावर बाया आधी जातात. हा हिशेब शहरात बसून सोडवता येत नाही. शेवटी मोठेबाबांनीच तोडगा काढला. मोठ्या ट्रॉलीचे वाचलेले पैसे बाजूला ठेवायचे आणि वेचणीपुरता ऑटो लावायचा. ते पैसे संपले की त्यापुढचा खर्च मी द्यायचा असं ठरलं. "इंजिनेर आहेस ना," हे कारण इथेही लागू पडलं.

दोनचाकी हायड्रोलिक ट्रॉली आली, कापसासाठी वरून लावता-काढता येणारे फाळके करून घेतले. दादा अजून अधूनमधून कुरकुरतो, की भाड्याने चालवायला मोठी बरी होती. तुमच्या घरी असा फोन आला, तर किंमत आणि क्षमता विचारून थांबू नका. रोज सकाळी त्यात कोण बसणार आहे, तेही विचारा.