कुंभारजुव्याच्या कालव्यातील संथ प्रवास

गोव्यातील मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना समुद्राला मिळण्यापूर्वीच आतल्या अंगाने जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्याला कालवा म्हणण्याचा प्रघात असला तरी दोन्ही तोंडांनी भरती-ओहोटीचे पाणी आत घेणारी, काठाकाठाने खारफुटी वागवणारी ती एक अरुंद खाडीच आहे. येथे वर्णिलेला प्रवास हिवाळ्यातील एका सकाळी पणजीहून मांडवीने वर निघून, जुन्या गोव्यावरून गवंडाळीपाशी या कालव्यात शिरून, पुढे बाणस्तारीवरून झुआरीच्या पात्रापर्यंत झाला. त्यासाठी वापरलेली नाव साधारण १८ फूट लांबीची, फायबरची, मागच्या फळीला ४० अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड इंजिन टांगलेली होती. अशा नावा आता रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत प्रत्येक खाडीत दिसतात, आणि त्या सर्वांचा एक समान दोष या प्रवासात पुन्हा पुन्हा समोर आला: वेगात असताना रेघेसारखी सरळ धावणारी नाव वेग उतरताच डावी-उजवीकडे भरकटू लागते.

पणजी ते रायबंदर या टप्प्यात हा दोष जाणवण्याचे कारण नव्हते. उजव्या हाताला १६३०च्या दशकात पोर्तुगिजांनी बांधलेला, तीन किलोमीटरांहून लांब दगडी सेतुमार्ग आणि डाव्या हाताला चोडण बेटाची खारफुटी, जिच्यात सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, अशा रुंद पात्रात नाव पूर्ण वेगाने चालली होती. या वेगात नाव पाणी कापत नाही, पाण्यावर चढते. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, हवेत उचलले जाते, तळाचा केवळ मागचा हिस्सा पाण्याला टेकलेला राहतो, आणि आडव्या दिशेने पाण्याला अडवणारे बहुतेक अंग अशा रीतीने नावेच्या गुरुत्वमध्याच्या मागे जाते. बाणाची पिसे शेपटीकडे असतात म्हणून बाण सरळ जातो. धावत्या नावेची स्थिती तीच असते, कारण नाळ थोडी वळली तरी मागचा धरून ठेवणारा भाग तिला पुन्हा रेषेवर ओढतो.

जुन्या गोव्याच्या धक्क्यापाशी दिवाडी बेटाची फेरीबोट पात्र ओलांडत असल्यामुळे वेग उतरवावा लागला आणि चित्र पालटले. नावेची नाळ खाली बसली, तिचा धारदार पुढचा भाग पाण्यात खोल गेला, आणि क्षणापूर्वी मागे असलेले धरून ठेवण्याचे अंग आता पुढे सरकले. पिसे टोकाला बांधलेल्या बाणासारखी तिची अवस्था झाली. नाळ उजवीकडे वळू लागली म्हणून चाक डावीकडे पाव फेरा फिरवले गेले, दोन-तीन सेकंद काहीच घडले नाही, म्हणून आणखी पाव फेरा दिला गेला, आणि मग दोन्ही फेऱ्यांचा परिणाम एकदम येऊन नाळ धक्क्याच्या दिशेवरून सरकत थेट दिवाडीच्या काठाकडे रोखली गेली. तिला परत आणताना तीच चूक उलट दिशेने घडली. मागे वळून पाहता पाण्यावर उमटलेली फेसाची रेघ सापाच्या चालीसारखी दिसत होती.

या वागण्याची मीमांसा करताना प्रथम नावेच्या आकाराकडे पाहावे लागते. कोकण-गोव्याच्या जुन्या लाकडी होडीला तळाशी पठाण असतो, म्हणजे नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारा, पाण्यात बाहेर आलेला कण्यासारखा वासा, आणि मागे सुकाणूचे रुंद फळकूट असते. ही दोन अंगे इंजिन बंद असतानाही पाण्याला धरून राहतात. वेगासाठी घडवलेल्या नावेतून ती दोन्ही जाणीवपूर्वक काढून टाकलेली असतात, कारण पाण्यावर चढून धावणाऱ्या तळाला बाहेर आलेला प्रत्येक भाग अडसर ठरतो. रेमंड हंट या अमेरिकी रचनाकाराने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल तळ नाळेपासून मागच्या फळीपर्यंत जवळपास त्याच कोनात नेला, आणि १९६०च्या मायामी–नासाऊ शर्यतीत अशा तळाच्या ‘मॉपी’ नावाच्या नावेने उसळत्या समुद्रात विजय मिळवल्यावर ही घडण जगभर पसरली. आजच्या फायबरच्या नावांवर तिची छाया स्पष्ट आहे, आणि उसळत्या पाण्यातील तिच्या गुणाची किंमत संथ पाण्यात मोजावी लागते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. पाण्यातून सरकणारी कोणतीही लांबट वस्तू, तिला मागे पंख किंवा फळकूट नसेल तर, आपली लांबी प्रवाहाला आडवी घालण्याकडे झुकते, कारण ती किंचित तिरकी होताच नाळेच्या एका बाजूला पाण्याचा दाब वाढतो, मागच्या टोकाला तो विरुद्ध बाजूला वाढतो, आणि या जोडीने तिरकेपणा कमी होण्याऐवजी वाढत जातो. मॅक्स मुंक या शास्त्रज्ञाने १९२४मध्ये हवेत तरंगणाऱ्या वायुनौकांच्या, म्हणजे वायूने भरलेल्या लांबट फुग्यांच्या, संदर्भात हे बल गणिताने मांडले, आणि जहाजशास्त्रात ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. पाण्यात काठी सोडली असता ती प्रवाहात आडवी होते, हे नदीकाठच्या मुलालाही पाहून ठाऊक असते. इंजिन मागून ढकलत असलेली, पठाण नसलेली नाव त्या काठीची बहीण आहे.

तिसरे कारण सुकाणूशी निगडित आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या नावेला वेगळे सुकाणू नसते. चाक फिरवले की तारेने संपूर्ण इंजिन वळते आणि पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याची दिशा बदलते, त्या धक्क्याने नाव वळते. पंखा जोरात फिरत असताना हा धक्का भरपूर असतो, परंतु किमान गतीवर तो अगदी क्षीण होतो, आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकताच जवळपास नाहीसा होतो; मग दिशा देण्यास उरतो तो केवळ इंजिनाचा पाण्यात बुडालेला अरुंद पाय. तारेत थोडा सैलपणा असेल, आणि वापरातल्या नावेत तो असतोच, तर चाकाच्या पहिल्या काही अंशांना इंजिन प्रतिसादच देत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याच्या हातात आणि पाण्यात जे घडते त्यांत अंतर पडते.

या अंतराचा अभ्यास छोट्या नावांच्या फार आधी युद्धनौकांवर झाला, ही बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२मध्ये जहाजाच्या आपोआप चालणाऱ्या सुकाणूविषयी लिहिताना हे दाखवले की नाळ रेषेपासून किती अंशांनी सरली आहे एवढेच पाहून केलेली दुरुस्ती पुरत नाही, ती किती झपाट्याने सरत आहे हेही पाहावे लागते. कसलेला सुकाणूदार हे न बोलता करत असतो, नाळ अजून रेषेवर पोहोचलेली नसतानाच चाक सोडून देतो. जुन्या गोव्यापाशी झालेली चूक याच सूत्रात बसते. नाळ कोठे आहे याकडे लक्ष होते, ती किती वेगाने फिरत आहे याकडे नव्हते.

गवंडाळीपाशी कालव्यात शिरल्यावर पात्र झपाट्याने आवळते. खारफुटीच्या मुळांवर चिखलाची ताजी रेषा होती, म्हणजे भरती नुकती सुरू झाली होती, आणि काठावरच्या उतरत्या चिखलात ऊन घेत पडलेली एक मगर नाव जवळ येताच आवाज न करता पाण्यात सरकली. गोड्या पाण्याची म्हणून ओळखली जाणारी मगर या खाऱ्या-मचूळ पाण्यात टिकून आहे, ही या कालव्याची ख्याती आहे. येथे वेग वाढवणे प्रश्नातच नव्हते, आणि म्हणून नाव हाताळण्याचे उपाय एकेक करून पडताळता आले.

पहिला उपाय नावेतल्या वजनाचा होता. दोन प्रवासी आणि पाण्याचा पिंप नाळेकडे होते, त्यांना मागे आणताच नाळ हलकी होऊन वर आली, पाण्याला अडवणारे अंग मागे सरकले आणि भरकटण्याचा झोक निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटला. दुसरा उपाय इंजिनाच्या कोनाचा होता. उथळ पाण्याच्या भीतीने ते थोडे वर उचलून ठेवलेले होते, ते पुरेसे पाणी असल्याची खात्री झाल्यावर पूर्ण खाली, सरळ उभे केले, तेव्हा पाय अधिक खोल गेला आणि लहानशा सुकाणूचे काम करू लागला. तिसरा उपाय हाताचा होता आणि तो सर्वांत कठीण ठरला. चाक मध्यावर असताना नेमके वर येणाऱ्या आऱ्याला चिकटपट्टीचा तुकडा बांधण्यात आला, नजर नाळेवरून काढून दोनशे-तीनशे मीटर पुढच्या एखाद्या माडावर स्थिर केली गेली, आणि दुरुस्ती चार बोटांहून अधिक नाही, ती दिल्यावर लगेच चाक मध्यावर, आणि मग प्रतिसादाची वाट, असा नियम पाळला गेला. पहिली दहा मिनिटे ही वाट पाहणे हाताला सोसत नव्हते. त्यानंतर मागची फेसाची रेघ हळूहळू सरळ झाली. नाव किंचित डुलत राहिली, पण तिच्या दोन्ही बाजूंचे झोके एकमेकांना फेडत होते, आणि त्यांना दुरुस्त करण्याची गरजच नव्हती हे तेव्हा कळले.

कुंभारजुवे गावाच्या घाटापाशी या विषयाला एक अनपेक्षित दाखला मिळतो. गणेशोत्सवात येथे सांगोड भरतो, ज्यात दोन होड्या शेजारीशेजार घट्ट बांधून त्यांच्यावर मंच उभारतात आणि त्यावर सजवलेले देखावे पाण्यावरून मिरवतात. बांधणाऱ्यांचा हेतू मंचाला रुंद आधार मिळावा हा असला, तरी एकमेकींपासून अंतरावर राहिलेले दोन लांब तळ सहजासहजी वळत नाहीत, आणि त्यामुळे अगदी संथ गतीतही अशी जोडहोडी आपली दिशा राखते. एकाच रुंद, उथळ तळाच्या फायबरच्या नावेला ही सोय नाही.

पुढे बाणस्तारीकडे जाताना पाण्याचा प्रवाह नावेच्या पाठीमागून होता, आणि त्याने आणखी एक गोष्ट उघड केली. काठ झपाट्याने मागे पडत होता म्हणून नाव पुरेशा वेगाने चालली आहे असा भास होत होता, पण तो वेग पाण्याचाच होता. तळाभोवतून वाहणारे पाणी अत्यल्प होते आणि नाव चाकाला जुमानत नव्हती. ज्या बाणस्तारीच्या गढीला १५१२मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने वेढा घालून ती जिंकली, त्या ठाण्याजवळचा पूल ओलांडल्यावर पाणी समोरून लागू लागले, काठ हळू सरकू लागला, आणि इंजिनाची गती तीच ठेवूनही खांबांमधून, बांबूंना बांधलेल्या जाळ्यांमधून नाव सावकाश नेणे सोपे झाले. अरुंद जागी शिरायचे झाल्यास शक्यतो समोरच्या पाण्यात शिरावे, हा तारव्यांचा जुना नेम अशा अनुभवातून आलेला असावा. वारा आडवा असल्यास मात्र नियम उरत नाही. उंच, हलकी नाळ वाऱ्याने ढकलली जाते, आणि तेव्हा क्षणभर गिअर टाकून इंजिनाला छोटा रेटा देणे आणि पुन्हा गती उतरवणे एवढाच मार्ग राहतो. मागे दोरीने बादली सोडली तर तीही पिसांचे काम करते, आणि पंख्याजवळ दोरी जाऊ न देण्याची काळजी घेतली तर लांबच्या संथ पल्ल्यात हा उपाय उत्तम आहे.

या सर्व उपायांहून सोपा असा एक उपाय बहुतेक नावाडी वापरतात, तो म्हणजे वेग वाढवणे. नाव पाण्यावर चढली की भरकटणे थांबते. १८ फुटी नाव ताशी सुमारे दहा किलोमीटरच्या पुढे गेली की ती स्वतःनेच उठवलेल्या लाटेवर चढू लागते, आणि चढण्याच्या त्या मधल्या अवस्थेत तिच्या मागची लाट सर्वांत मोठी असते. कालव्याच्या दोन्ही काठांना खाजन शेती आहे, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून राखलेली सखल भातजमीन, आणि चिखल-दगडाच्या त्या बांधात मानशी, म्हणजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी झडप, बसवलेली असते. बाणस्तारीच्या खालच्या बाजूस एका मानशीजवळ नाव थांबवली असताना दुसरी एक नाव वेगाने गेली. तिची लाट बांधाच्या पायथ्यावर तीनदा आपटली आणि प्रत्येक वेळी मुठीएवढा चिखल सुटून पाण्यात विरला. ज्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या गावाने श्रम घातले, त्याची ही झीज कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

झुआरीचे रुंद पात्र समोर उघडले तेव्हा भरती बरीच चढली होती आणि संपूर्ण कालव्याला अडीच तास लागले होते. वेगाने हाच पल्ला अर्ध्या तासात झाला असता. प्रस्तुत लेखकाच्या मते तो वेळ या पाण्याला देणे हे नाव चालवण्याचाच भाग आहे, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात, तसेच कोकणातील प्रत्येक अरुंद खाडीत, नाव घेऊन शिरणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की नाव भरकटू लागली तर माणसे मागे बसवावीत, इंजिन सरळ करावे, चाक मध्यावर आणून थांबावे, आणि वेगाचा दांडा आहे तेथेच राहू द्यावा.