मी पर्स सांभाळते

आमच्या महाडला समुद्र नाही. सावित्री आहे, भरतीचे पाणी नदीतून वर चढते, पण समुद्र बघायचा तर हरिहरेश्वर नाहीतर श्रीवर्धन गाठावे लागते. तरीही आमच्या मोहल्ल्यात ज्या घरातले कोणीच कधी जहाजावर नव्हते, असे घर शोधावे लागेल. माझे सासरे जहाजावर होते. शोहर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. दादाजान हजला गेले ते मुंबईहून जहाजानेच; हाजींची ती जहाजे १९९५ साली बंद झाली. पूर्वी तर मुंबईहून महाडला येण्याचा रस्ताही पाण्याचाच होता. बोटीने बाणकोटपर्यंत यायचे आणि मग खाडीतून वर दासगाव बंदर. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला आले तेही असेच दासगावला उतरून.

मात्र हे सगळे पुरुषांचे. आम्ही बायकांनी समुद्र ऐकला, बघितला नाही. शोहर नऊ-नऊ महिने बाहेर. आले की साबण, थर्मास, मुलांना चॉकलेट आणि पहिला आठवडाभर दुपारची झोप. जहाज आतून कसे असते ते विचारले की म्हणायचे, "लोखंड असते, दुसरे काय!"

म्हणून आमच्या उर्दू शाळेच्या १९८४ च्या एसएससी बॅचमधल्या नऊ जणींनी जेव्हा मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचे ठरवले, तेव्हा मला वाटले की हे लोखंड आता मी आतून बघणार. मैत्रिणींची नावे लिहीत नाही. छापून येणार म्हटल्यावर त्यांनीच तशी अट घातली. एकीला आम्ही सगळ्या टीचर म्हणतो, कारण ती खरेच टीचर होती आणि निवृत्त झाल्यावरही राहिली आहे. दुसरी पोलादपूरला दिलेली, म्हणून पोलादपूरवाली. ही गोष्ट मुख्यतः तिची आहे. आणि माझी.

ठरल्याबरोबर बोलणी सुरू झाली. "त्या पैशात उमरा झाला असता." माझ्या नणंदेने हे तीनदा सांगितले. नऊपैकी सहा जणींचा उमरा झालेला आहे, अलहम्दुलिल्लाह, आणि उरलेल्या तिघींचीही नियत आहे. पण बायकांनी नुसते हसण्यासाठी चार दिवस बाहेर पडावे, याला आमच्याकडे अजून नाव नाही. लग्न असते, मय्यत असते, बाळंतपण असते, जियारत असते. बिनकामाचे जाणे नसते. माझ्या दादीला तर बोटीचे नावच नको असायचे. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला येताना बुडाली, सहाशेच्या वर माणसे गेली. पाऊस लागला की दादी ते काढायचीच.

पोलादपूरवालीने मात्र पैसे सगळ्यांत आधी दिले. शिवणाच्या मशीनवरचे, स्वतःचे. मुलाकडून एक रुपया घेतला नाही. २०२१ च्या जुलैमधल्या पुरानंतर महाडच्या बाजारातली आमची दुकाने चिखलातून वर काढायची होती, तेव्हा ती रोज सावित्रीचा पूल ओलांडून यायची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जुना ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला, त्या जागेचा हा नवा पूल. दर वेळी पुलावर ती दुआ पढते आणि मग मोबाईलवर मेसेज टाकते, 'आले गं अलीकडे'. अशी बाई. ती घाबरट आहे असे कोणी म्हणणार नाही. तरी मी म्हटले, आणि तेच सांगायचे आहे.

बोट मुंबईहून संध्याकाळी सुटणार होती. एक दिवस आधी निघून वाटेत खोपोलीचे इमॅजिका बघायचे, रात्री मुंब्र्याला पोलादपूरवालीच्या मुलीकडे राहायचे, असा बेत केला. बेत मीच केला, कारण सगळे मीच करत होते. बुकिंगसाठी एजंटने मोबाईलवर फॉर्म पाठवला होता. नाव, जन्मतारीख, आधार आणि खाली तब्येतीचे प्रश्न: हृदयविकार आहे का, रक्तदाब, मधुमेह, अलीकडे काही ऑपरेशन. रात्री अकरा वाजता नऊ जणींचे नऊ फॉर्म मी एकटीने भरले. तब्येतीच्या रकान्यात सगळ्यांचे 'नाही, नाही, नाही'. एकीलाही विचारले नाही. आपल्याच मैत्रिणी, मला माहीत नाही का!

फजरनंतर लगेच निघालो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये लोणेरे येईपर्यंत दुआ आणि बिस्किटे, माणगावपासून गाणी. पेणला खोपोलीच्या रस्त्याला वळलो तेव्हा टीचर सगळ्यांना सेफ्टी पिना वाटत होती. पाळण्यांवर ओढणीची, स्कार्फची सुटी टोके चालत नाहीत, हे ती घरून वाचून आली होती. तिचे बरोबर निघाले. तिथल्या पोरी प्रत्येक ठिकाणी तेच सांगत होत्या, आणि आम्ही आधीच पिना लावून तयार, म्हणून कौतुकही झाले.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. आमची मुले लहान असताना एस्सेल वर्ल्ड होते, गोराईला, १९८९ चे. तिथे होडीने जायचे. तिथेही आम्ही गेलो होतो, पण मुलांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या धरून. पाळण्यात बसलो नाही. पन्नाशी उलटल्यावर, मुलांशिवाय अशा ठिकाणी शिरणे वेगळेच. पहिला अर्धा तास आम्ही ओशाळवाण्या फिरत होतो, कोणी ओळखीचे भेटेल की काय म्हणून. मग एकीने घोड्यांच्या चक्रावर टांग मारली आणि लाज गेली.

राजासॉरसच्या होडीत बसलो. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडे सापडली त्या खऱ्या डायनासोरचे ते नाव. होडी वरून खाली पाण्यात आपटते, आणि आम्ही आठही जणी बुरख्यांसकट भिजलो. आठच, कारण पोलादपूरवाली खाली उभी होती. "तुम्ही जा, मी पर्स सांभाळते." आठ पर्स, चार बुरख्यांच्या पिशव्या आणि टीचरची छत्री. आम्ही बाहेर आलो तर ती हसत टॉवेल घेऊन उभी. पुढच्या ठिकाणीही तेच. "माझे गुडघे दुखतात, मी पर्स सांभाळते."

दुपारी एका झाडाखाली चादर अंथरून जोहर आणि असर एकत्र पढलो. आम्ही कोकणी, शाफई. सफरमध्ये ती सवलत आहे. सलाम फेरल्यावर मी बघितले, गुडघे दुखणारी बाई जमिनीवर सजदा करून सहज उठली. खुर्ची मागितली नाही. मला हसू आले. म्हटले, सापडली! ही घाबरते.

मग मी तिला सोडले नाही. गोल्ड रश नावाची खाणीतल्या गाडीसारखी एक गाडी आहे, मोठ्या नायट्रोच्या मानाने सौम्य. तिचा हात धरला आणि रांगेत ओढले. ती नको नको म्हणत होती, मी मोठ्याने "भित्री, भित्री" करत होते, बाकीच्याही सामील झाल्या. रांग पुढे सरकली. ती गप्प झाली. मला वाटले, मानली. आमच्या पुढे टीचर होती, आणि टीचरला भिंतीवर लिहिलेले काहीही मोठ्याने वाचायची सवय. तिने सूचनांची पाटी वाचायला घेतली: गरोदर स्त्रिया, पाठीचे, मानेचे दुखणे, उच्च रक्तदाब, हृदयविकार... तेवढ्यात माझ्या हातातला हात सुटला.

"मला स्टेंट आहे," ती म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेले.

आम्ही रांगेतून उलट बाहेर आलो. मागच्या पोरांनी वाट दिली. एका बाकावर तिला बसवले आणि आठ जणी तिच्याभोवती उभ्या. गेल्या वर्षी ती मुंब्र्याला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. तिथेच एका पहाटे छातीत दुखले, अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. दीड महिना राहून परत आली आणि पोलादपूरला फक्त नात झाल्याचे पेढे वाटले. मुलीला सांगितले, मैत्रिणींना सगळे माहीत आहे. आम्हाला सांगितले, मुलगी म्हणते अम्मी, बिनधास्त जा.

"का नाही सांगितलेस?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"सांगितले असते तर नेले असते?"

याला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते. नसतेच नेले. प्रेमाने, काळजीने, सूप करून देऊन घरी ठेवले असते. गेल्या वर्षापासून तिचा मुलगा तिला मशीनवर बसू देत नाही, बादली उचलू देत नाही. एकदा आजारी म्हटले की घरातल्या बाईला सगळे कसे हळूच बाजूला ठेवतात, ते तिने पाहिले होते.

दोघींनी सरळ सांगितले की तिने आता मुलीकडेच थांबावे, समुद्रात काही झाले तर जबाबदार कोण? एक रडायला लागली. मला मात्र दुसरेच काही खात होते, म्हणून मीही मग बोलून टाकले: फॉर्म मी भरला आहे. तिने खोटे लिहिले नाही, तिला तर विचारलेच नव्हते. आणि पाच मिनिटांपूर्वी मी तिला हाताला धरून त्या गाडीत बसवत होते.

टीचर म्हणाली, "सही करून दिलेले कागद म्हणजे शहादतच. खोटी शहादत किती मोठा गुनाह आहे ते मी वर्गात शिकवत आले." मग जरा थांबून, "माझे बीपी आहे. त्याचे काय लिहिलेस?" मी म्हटले, 'नाही'. दुसरी म्हणाली, मला शुगर आहे. नऊ फॉर्मपैकी पाच खोटे निघाले. माझी स्वतःची थायरॉईडची गोळीही मी विसरले होते.

मी शोहरना फोन लावला. रागावतील असे वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, औषधाची पेटी एखाद्या ऑफिसरच्या ताब्यात असते आणि तो रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून औषध देतो. डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच, की माणसाला आधीपासून काय आहे आणि तो काय घेतो. त्यांच्याबरोबरच्या एका खलाशाने नोकरी जाईल म्हणून शुगर लपवली होती. भर समुद्रात तो बेशुद्ध पडला आणि गोळ्या त्याच्या गादीखाली सापडेपर्यंत कोणाला कळेना काय करावे. तो वाचला. "तुमच्या बोटीवर डॉक्टर असेल," ते म्हणाले, "पण त्याला गादीखाली बघायला लावू नका."

मुंब्र्याला पोचलो तेव्हा ईशाची अजान झाली होती. मुलीने दार उघडले, आमचे चेहरे बघितले आणि ओळखले. ती आईवर रागावली नाही, आमच्यावर रागावली: "खाला, तुम्हाला सगळे माहीत आहे म्हणूनच मी पाठवत होते ना!" मग तिनेच अम्मीच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वर्ष उलटले आहे, चालताना त्रास नाही, परवाची तपासणी चांगली आहे, जायला हरकत नाही. असल्या पाळण्यात मात्र अजिबात बसायचे नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवायच्या, डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट सोबत न्यायचा आणि बोटीवर चढण्याआधी सांगायचे.

एजंटला रात्रीच फोन केला. तो म्हणाला, "कशाला उकरून काढता बाई? कोण विचारतंय? अडवलं तर पैसे परत मिळणार नाहीत." माणशी पंचवीस हजार. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकले. पोलादपूरवालीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "माझे जातील तर जाऊ देत. खरे लिहा." ज्या दोघी तिला मागे ठेवा म्हणत होत्या, त्यातली एक उठून तिच्याजवळ जाऊन बसली. दुसरी त्या रात्री बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पियरला सामानाची रांग, कागदांची रांग. नवे फॉर्म हाताने भरले, यावेळी ज्याचा त्याने. तिचे कागद बघून तिथल्या माणसाने तिला बाजूला बसायला सांगितले आणि रिपोर्ट आत नेला. आम्हाला म्हणाला, तुम्ही पुढे व्हा. आम्ही पुढे झालो नाही. रांग आम्हाला वळसा घालून जाऊ लागली. खिडकीतून बोट दिसत होती, एम्प्रेस, १९९० सालची. आधी परदेशात दुसऱ्या नावाने चालत होती, असे शोहर सांगत होते. माझ्या लग्नाच्या वयाची. तसबीह हातात घेऊन मी तिच्या खिडक्या मोजत बसले. आठ जणी सामानासह उभ्या आणि तिची पर्स माझ्या मांडीवर, आत गोळ्यांची डबी.

अर्ध्या तासाने तो परत आला. गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून घेतली, कोणाला कळवायचे म्हणून मुलीचा नंबर घेतला, आणि काहीही वाटले तर लगेच सांगा म्हणाला. मग शिक्का मारला.

शिडी चढताना ती मध्येच थांबली. आम्ही सगळ्या थबकलो. "काही नाही गं," ती म्हणाली, "वाकून बघते." खाली काळेशार पाणी आणि लोखंडाची उंच भिंत. काल दिवसभर न बोललेली ती दुसरी तिच्या मागे होती. तिने न विचारता तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

वर पोचलो तेव्हा असरची वेळ निघून चालली होती. टीचर मोबाईल हातात धरून डेकवर गोल गोल फिरत किब्ला शोधत होती आणि तिच्यामागे आम्ही आठ जणी.