फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं तर आधी फॉर्म भरावा लागतो. नाव, वय, पत्ता झालं की पुढे तब्येतीचे प्रश्न येतात. कधी मानसिक त्रास झालाय का, त्यासाठी औषधं घेतलीत का? इतर कुठली ध्यानपद्धती, रेकी वगैरे काही करता का? मी कॉटवर पालथी पडून मोबाईलवर फॉर्म भरत होते. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ टाकलं. पहिल्या प्रश्नाला दोन सेकंद थांबले, दुसऱ्याला तेवढंही नाही.

दोन्ही उत्तरं खोटी होती.

बारावीत मला रात्री अचानक धडधडायचं, आता आपण मरतोय असं वाटायचं. डॉक्टरांनी आठ महिने गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या सुटल्या तसा घरात तो विषयही सुटला. दुसरी गोष्ट मात्र ताजी होती. पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करत होते. पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली, तेव्हा एकाग्रता वाढवायला म्हणून ध्यानाचे व्हिडिओ बघायला लागले. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. चार महिन्यांत मी कुठल्या कुठे पोचले होते. मेसवरून आल्यावर दार लावायचं, श्वास रोखून धरायचा, पोट आत ओढायचं आणि मणक्यातून ऊर्जा वर चढते आहे अशी कल्पना करत लक्ष दोन भुवयांच्या मधे खिळवायचं. एकवीस दिवसांत काय काय होतं ते व्हिडिओवाले छातीठोकपणे सांगायचे. बाविसाव्या दिवसाबद्दल कुणीच बोलायचं नाही.

खोटं का लिहिलं? नाव नाकारतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे हे प्रश्न मला मुळात फालतू वाटले होते. ध्यानानं कधी कुणाचं वाईट झालंय का? आमचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध शेजारी शेजारी. आई दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जाते, त्रिसरण, पंचशील म्हणते, परत येऊन वांग्याची भाजी करते. मला ते सगळं लहान मुलांचं वाटायचं. खरा धम्म कुठेतरी खोल, शरीराच्या आत, विजेसारखा असणार आणि तो मला सापडत चाललाय, अशी माझी खात्री होती.

शिबिराबद्दल फार लिहीत नाही, जाऊन आलेल्यांना ते माहीतच असतं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, आर्य मौन. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून सगळ्या अंगावरच्या संवेदना. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे हे शिकले आणि १९६९ साली भारतात घेऊन आले. संध्याकाळच्या प्रवचनात ते रोज बजावतात की सुखद संवेदनेला चिकटू नका. मी ते रोज ऐकत होते. हे बाकीच्यांसाठी आहे असं समजून ऐकत होते.

सहाव्या दिवशी माझ्या अंगात प्रवाह सुरू झाला. डोक्यापासून पायापर्यंत बारीक कंप, अंग म्हणून घट्ट असं काही उरलंच नाही. डोळे मिटले की निळसर प्रकाश. दुपारी सहायक आचार्यांना भेटायची वेळ असते, तेव्हा मी ते अगदी नम्र चेहरा करून सांगितलं. आतून मी शाबासकीची वाट बघत होते.

त्या बाईंनी प्रकाशाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, “झोप किती लागतेय?”

“दोन तास, ताई. पण जास्त गरजच वाटत नाही.”

“खोलीवर ध्यान करू नकोस. पडून राहायचं. आणि जेवण नीट घे.” मग जरा थांबून, “घरी याशिवाय अजून काही करत होतीस का?”

“नाही,” मी म्हटलं. म्हणजे एव्हाना तीनदा.

पुण्यात परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगितलेलं होतं. मी दिवसाला पाच-सहा तास बसायला लागले आणि वर रात्रीचा तो श्वास रोखायचा प्रकारही पुन्हा चालू केला. दोन इंजिनं लावली की गाडी लवकर पोचेल, असा हिशोब. हॉस्टेलच्या नवीन मुली मला विचारायला यायच्या आणि मी त्यांना सांगायची. स्टेटसला तसलंच काहीबाही टाकायची. अभ्यासिकेत पुस्तक उघडून बसलेल्या पोरापोरींकडे बघून मला त्यांची कीव यायची. अजूनही सगळ्यात जास्त लाज वाटते ती या गोष्टीची.

तीन आठवड्यांत गाडी उलटली. कपाळाच्या मधोमध कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायला लागलं आणि तो अंगठा जाईना. ध्यान थांबवलं तरी जाईना. डोकं तापलेलं, पाय थंडगार. झोप आधी तीन तास, मग एक, मग नाहीच. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला उभी असताना समोरची वाहनं, माणसं, सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटलं. मला कळत होतं की हे खरं आहे, पण ते खरं वाटत नव्हतं. शिबिरात ‘शरीर विरघळतंय’ म्हणून मी ज्याचा आनंद मानला होता, तेच आता रस्त्यावर, भर दुपारी, नको असताना होत होतं. आणि बारावीतली ती धडधड, जुन्या ओळखीच्या माणसासारखी, न सांगता आत येऊन बसली.

रूममेटनं माझा फोन घेऊन आईला लावला. “काकू, ही चार दिवस झोपलेली नाही. तुम्ही या.”

आई रात्रीच्या एसटीनं आली. दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते ध्यानाची टिंगल करतील आणि मला भांडता येईल. तसं काही झालं नाही. किती तास बसतेस, श्वास किती वेळ रोखतेस, काय दिसतं, जीव द्यावासा वाटतो का, सगळं त्यांनी शांतपणे विचारून लिहून घेतलं. बारावीचंही विचारलं आणि या वेळी मी सांगितलं. औषधं दिली आणि म्हणाले, “आत्तापुरतं ध्यान शून्य. एक मिनिटही नाही.”

गावी गेल्यावर आई रोज रात्री माझ्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. तळवे काळे व्हायचे. मी गोळ्यांनी झोपत होते, वाटीनं नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिवसभर कपाळात अडकलेलं लक्ष तेवढा वेळ पायाशी जायचं. आई काही बोलायची नाही, मोबाईलवर मालिका लावून घासत राहायची.

बरं वाटायला लागल्यावर मी वाचायला घेतलं. आधी स्वतःचा बचाव शोधत होते, म्हणजे माझ्यासारखं अजून कुणाला झालंय का. अठराव्या शतकातला जपानी झेन गुरू हाकुइन सापडला. तरुणपणी जिवाच्या आकांतानं साधना करून तो आजारी पडला होता. डोकं तापलेलं, पाय बर्फासारखे, कानात सतत आवाज, मन घाबरलेलं. त्या लोकांकडे या प्रकाराला नावच आहे, ‘झेनचा आजार’. म्हातारपणी, १७५७ साली, त्यानं ‘यासेन कान्ना’ या छोट्या पुस्तकात यावरचा उपाय लिहिला. क्योटोजवळच्या डोंगरात राहणाऱ्या हाकुयू नावाच्या तपस्व्यानं आपल्याला तो शिकवला, असं तो सांगतो. डोक्यावर मऊ, सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना करायची. तो हळूहळू वितळतो, खांद्यांवरून, छातीवरून, पोटातून, पायांतून खाली उतरत तळव्यांपर्यंत जातो. वर चढवायचं नाही, खाली आणायचं. वाचताना मला काशाची वाटी आठवली आणि एकटीच हसले.

मग पालीतल्या गोष्टी मिळाल्या. संयुत्त निकायात वैशालीची एक हकीकत आहे, ती मला आमच्या विहारात कुणी कधी सांगितली नव्हती. बुद्धानं भिक्खूंना शरीराच्या अशुभतेची भावना शिकवली आणि तो पंधरा दिवस एकांतात गेला. इकडे भिक्खूंना स्वतःच्या देहाचा इतका वीट आला की कित्येकांनी जीव दिला. बुद्ध बाहेर आला आणि त्यानं विचारलं, संघ एवढा विरळ का दिसतोय? आनंदानं कारण सांगितलं आणि दुसरा काही मार्ग सांगा अशी विनंती केली. तेव्हा बुद्धानं श्वासाकडे लक्ष देण्याची साधना, आनापान, शिकवली. खुद्द बुद्धानं दिलेल्या साधनेबद्दलची ही गोष्ट आहे आणि ती पुसून न टाकता ग्रंथात ठेवलेली आहे. मी मात्र फॉर्मवरचे दोन प्रश्न फालतू समजत होते.

‘विसुद्धिमग्ग’ पाचव्या शतकात बुद्धघोषानं श्रीलंकेत लिहिला. त्याचं संपादन आपल्या धर्मानंद कोसंबींनीही केलं आहे. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्ध शोधायला घर सोडून निघाला आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश करत पार हार्वर्डपर्यंत गेला. तर या ग्रंथात विपश्यनेच्या दहा उपक्लेशांची यादी आहे. पहिलाच आहे ओभास, म्हणजे प्रकाश. माझा तो निळा प्रकाश दीड हजार वर्षांपूर्वीच, अडथळ्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर! पुढे प्रीती, शांतता, सुख, असे बहुतेक चांगलेच शब्द आहेत. त्यांच्यात खोट नाही, ते आले म्हणजे आपण पोचलो असं साधक समजतो, तिथे घोटाळा होतो.

तिथेच एका थेराची गोष्ट आहे. महानाग त्याचं नाव. आपण अर्हत झालो, असं तो साठ वर्षं समजत होता. खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचाच शिष्य धम्मदिन्न याला हे कळलं. तो गुरूकडे गेला आणि म्हणाला, भन्ते, ऋद्धीनं एक हत्ती निर्माण करा, कान ताठ, शेपटी उभारलेली, सोंड तोंडात घालून चीत्कार करत अंगावर येणारा. थेरानं हत्ती केला. तो अंगावर येताना बघून स्वतःच उठून पळायला लागला. शिष्यानं चीवराचं टोक धरलं आणि विचारलं, भन्ते, ज्याचे आस्रव संपले त्याला भीती वाटते का? पुढचं मला फार आवडतं. साठ वर्षांचा तो मान बाजूला ठेवून म्हातारा शिष्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, मला मदत कर. शिष्य म्हणाला, त्यासाठीच आलोय, काळजी करू नका.

माझा हत्ती अलका टॉकीजच्या चौकात आला होता.

विनयाचा एक नियमही तेव्हाच वाचला. न मिळालेली सिद्धी मिळाली असं भिक्खूनं जाणूनबुजून सांगितलं, तर तो संघातून कायमचा बाहेर. ज्याला प्रामाणिकपणे गैरसमज झाला त्याला यातून सूट. आणि सिद्धी खरोखर मिळालेली असली, तरी गृहस्थांना ती सांगत सुटायचं नाही, तोही दोषच. वाचून झाल्यावर मी माझे जुने स्टेटस डिलीट करायला गेले. ते चोवीस तासांत आपोआप उडून गेले होते. पण ज्या मुलींना मी श्वास रोखायला शिकवलं होतं त्या तर होत्याच. तिघींना फोन केले. दोघींनी कधीच सोडून दिलं होतं. तिसरी अजून करत होती. तिला मी माझं सगळं सांगितलं. अगदी गोळ्यांची नावंसुद्धा.

मग केंद्रावर फोन करून त्या सहायक आचार्यांशी बोलले. फॉर्मचं सांगितलं, त्यांच्यासमोर बोललेलं खोटंही. बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

“तेव्हा खरं लिहिलं असतंस तर आम्ही थांबायला सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. “आणि तुला आमचा राग आला असता.”

“हो, ताई.”

“आता झोप लागते का?”

तोच प्रश्न. या वेळी उत्तर खरं होतं. लागते, सात तास.

डॉक्टरांनी सात महिन्यांनी थोडं बसायला परवानगी दिली. सकाळी पंधरा मिनिटं, डोळे अर्धवट उघडे ठेवून. कपाळात दाब जाणवला की उठायचं आणि अंगणात चालायचं. त्याला मी अजून घाबरते आणि ही भीती मला घालवायची नाहीये. व्हिडिओवाल्यांवर पूर्वी फार चिडायचे, आता तेवढी चिडत नाही. त्यांनी विकलं हे खरं, पण विचारणारी दोन माणसं समोर असताना खोटं मी बोलले होते.

मागच्या आठवड्यात शिबिराचा फॉर्म पुन्हा भरला. दोन्ही ठिकाणी ‘हो’. खाली तपशिलाच्या चौकटीत सगळं लिहिलं, तारखांसकट. अजून उत्तर आलेलं नाही. नकार येईल असं आईला वाटतं.

रविवारी तिच्याबरोबर विहारात गेले होते. वंदना झाल्यावर पाच मिनिटं सगळे शांत बसतात. पुढे लहान पोरं चुळबुळ करत होती, कुणाचा तरी फोन वाजला. तेवढ्यात माझ्या डाव्या पायातून बारीक कंप वर यायला लागला, अगदी ओळखीचा. मी सावध झाले, डोळे उघडले, खाली बघितलं. पायावर पाय टाकून बसले होते आणि मुंग्या आल्या होत्या.

मी पाय सरळ केला. आईनं हळूच सरकून जागा दिली.