‘नको’ची दलाली

दलाल म्हटला की आपण नाक मुरडतो. कर्जापायी बँकेने ताब्यात घेतलेले घर लिलावात घ्यायला निघालेल्याने मात्र तसे करू नये. एरवी घरमालक चहा पाजतो, चार थापा मारतो; त्यांतूनही काही कळते. इथे बोलते ती फक्त जाहिरात : ‘जसे आहे, जेथे आहे’.

२००२ च्या सरफेसी कायद्याखालची अशी एक जाहिरात घेऊन मी आमच्या दलालाकडे गेलो. मी किंमत दाखवली. त्याने दोनच शब्दांवर बोट ठेवले : ‘प्रतीकात्मक ताबा’.

“साहेब, म्हणजे ताबा कागदावर. आत माणसे असणार. बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. विक्री कायम झाली की उरलेले १५ दिवसांत. चुकलात तर भरलेलेही बुडते. आणि किल्ली केव्हा, ते कोण सांगणार?”

आम्ही जाऊन पाहिले. दाराला तोरण होते. आत कोणी मूल मोठ्याने पाढे म्हणत होते. घंटी न वाजवताच आम्ही जिना उतरलो.

“घेऊ नका,” तो म्हणाला.

घर घेतले असते तर त्याला दलाली मिळाली असती. ‘नको’ म्हणण्याची दलाली अजून कोणी ठरवलेली नाही. मी ती यंदा फराळाच्या डब्यातून पोचती केली.